रस्त्यावरचे मीठ, तळ्यावरचे कर्ज

व्यापारी घरात मुलाला वही लिहायला बसवताना पहिला धडा दिला जातो तो हा, की नावे पडल्याशिवाय जमा होत नाही. एका खात्यात रक्कम आली म्हणजे दुसऱ्या कोठल्या तरी खात्यातून ती गेलेली असते. ते दुसरे खाते आपल्या वहीत दिसत नसेल, तर ते कोणाच्या वहीत आहे याचा शोध घ्यावा. उत्तर अमेरिकेत दर हिवाळ्यात रस्त्यांवर जे मीठ पसरले जाते, त्याचा हिशेब याच नियमाने तपासून पाहण्यासारखा आहे. त्यातील जमेची बाजू मोठी आहे आणि ती सर्वांना दिसते. नावेची बाजू मात्र गेली ऐंशी वर्षे नद्या, तळी आणि विहिरी यांच्या खात्यावर निमूटपणे लिहिली जात आहे.

हा विषय दूरदेशीचा असला तरी परका नाही. टोरांटो, शिकागो, न्यू जर्सी, मिनिआपोलिस या गावांची नावे आज आपल्या समाजातील कितीतरी घरांत रोज घेतली जातात. डिसेंबरच्या एखाद्या सकाळी पुण्याची किंवा जळगावची आजी व्हिडिओ कॉलवर नातवाला पायऱ्यांवर डब्याने मीठ टाकताना पाहते आणि सुखावते. मुलगा घसरणार नाही, सून गाडीतून सुखरूप कामावर जाईल, एवढेच तिला हवे असते. ते चुकीचेही नाही. प्रश्न एवढाच, की त्या डब्यातले मीठ पुढे जाते कोठे ?

प्रथम त्याचे काम समजून घ्यावे. शुद्ध पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते. त्यात मीठ विरघळले की गोठण्याचा बिंदू खाली जातो. बर्फावर टाकलेला मिठाचा खडा पृष्ठभागावरील पाण्याच्या अतिपातळ थरात विरघळतो, त्याचे खारे पाणी होते आणि ते बर्फाला पोखरत खाली उतरून रस्त्याशी असलेली त्याची पकड सोडवते. मग नांगरासारखे पाते लावलेले वाहन तो बर्फ बाजूला सारते. प्रयोगशाळेत मिठाचे पाणी उणे २१ अंशांपर्यंत द्रवरूप राहू शकते. रस्त्यावर मात्र उणे ९ अंशांच्या खाली साध्या मिठाचा फारसा उपयोग होत नाही. त्याहून कडक थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरावे लागते. बर्फाळ रस्त्यावर मीठ पडले की अपघात मोठ्या प्रमाणात कमी होतात, याविषयी तज्ज्ञांत मतभेद नाही. रुग्णवाहिका वेळेवर पोहोचते, मालाचे ट्रक अडकत नाहीत, दुकाने उघडतात. ही जमेची बाजू नाकारून पुढचा हिशेब मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल.

या प्रथेचा उगम फार जुना नाही. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये रस्त्यांवर मीठ वापरण्याचे प्रयोग केले आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात ते धोरण म्हणून स्वीकारले. त्या हिवाळ्यात साऱ्या देशाच्या महामार्गांवर मिळून सुमारे ५,००० टन मीठ पडले. युद्धानंतर मोटारी वाढल्या, द्रुतगती मार्ग झाले, आणि रस्ता हिवाळ्यातही उन्हाळ्यासारखा कोरडा, काळा दिसला पाहिजे अशी लोकांची अपेक्षा झाली. आज अमेरिकेत वर्षाला दोन कोटी टनांच्या घरात मीठ रस्त्यांवर पसरले जाते. कॅनडाचा आकडा सुमारे ५० लाख टनांचा आहे. हे मीठ बहुतांशी खाणीतून येते. क्लीव्हलँड शहराजवळ ईरी सरोवराच्या तळाखाली आणि ऑन्टारिओतील गॉडरिच येथे ह्यूरॉन सरोवराच्या तळाखाली मिठाच्या प्रचंड खाणी आहेत. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे ते मीठ. निसर्गाने गोड्या पाण्यापासून वेगळे करून, खडकाच्या थरांखाली बंद करून ठेवलेली ही ठेव माणसाने बाहेर काढली आणि पुन्हा गोड्या पाण्याच्याच माथी मारली.

मीठ पाण्यात गेले की त्याचे दोन घटक होतात, सोडियम आणि क्लोराइड. यांपैकी क्लोराइड हा खरा चिवट देणेकरी. ते कुजत नाही, हवेत उडून जात नाही, माती त्याला गाळून अडवत नाही, जलशुद्धीकरणाच्या नेहमीच्या पद्धतींनी ते निघत नाही. उलट परासरणासारख्या महागड्या प्रक्रियेने ते काढता येते, पण तळेच्या तळे त्या यंत्रातून कोण काढणार ? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ मध्ये जलचरांसाठी दीर्घकाळ सहन होणारी क्लोराइडची मर्यादा एका लिटरला २३० मिलिग्रॅम अशी ठरवली. मिनेसोटा राज्याची प्रदूषण नियंत्रण संस्था हा आकडा गृहिणीलाही समजेल अशा भाषेत सांगते : चहाचा एक चमचा मीठ पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर पाणी कायमचे बिघडवते. हाच हिशेब थोडा पुढे नेला तर डोळे उघडतात. मिठाच्या वजनात क्लोराइडचा वाटा सुमारे ६० टक्के असतो. म्हणजे ५० किलोच्या एका पोत्यात ३० किलो क्लोराइड. एवढे क्लोराइड सव्वा लाख लिटरांहून अधिक शुद्ध पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. दहा हजार लिटरचे तेरा टँकर डोळ्यांपुढे आणावेत, म्हणजे एका पोत्याचे मोल कळेल. दुकानदाराने ते पोते काही डॉलरांत घेतलेले असते. तेरा टँकरांचे बिल त्याला कधीच येत नाही.

वसंत ऋतूत बर्फ वितळला की हे सारे समुद्राला जाऊन मिळत असेल, असा समज पुष्कळ दिवस होता. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या परिसरातील मिठाची आवक-जावक मोजली, तेव्हा टाकलेल्या मिठापैकी सुमारे ७० टक्के मीठ त्याच खोऱ्यात, म्हणजे तळ्यांत, दलदलीत आणि भूजलात मागे राहते असे आढळले. जे जमिनीत मुरले ते झऱ्यांवाटे हळूहळू बाहेर पडते. म्हणूनच अनेक ओढ्यांचे पाणी भर उन्हाळ्यात, बर्फाचा मागमूसही नसताना, खारट झालेले सापडते. आज मीठ टाकणे पूर्ण थांबवले तरी जुन्या हिवाळ्यांची बाकी पुढे कित्येक वर्षे वसूल होत राहील. मुद्दल फेडण्याआधीच दर हिवाळ्यात नवे कर्ज उचलले जाते, अशी ही स्थिती आहे.

२०१७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या हिलरी डुगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतील ३७१ तळ्यांच्या दीर्घकालीन नोंदी एकत्र केल्या. ईशान्य आणि मध्यपश्चिम भागातील तळ्यांपैकी ४४ टक्के तळी वर्षागणिक खारट होत चालल्याचे दिसले. तळ्याच्या काठापासून अर्ध्या किलोमीटरच्या पट्ट्यातील केवळ एक टक्का जमीन डांबर वा सिमेंटने झाकली गेली, तरी क्षार वाढण्याची शक्यता बळावते, हा त्यांचा निष्कर्ष होता. एक टक्का म्हणजे शहर नव्हे. काठाने जाणारा एक रस्ता आणि काही घरांची पटांगणे.

खारट पाणी गोड्या पाण्याहून जड असते, यातून आणखी एक अनर्थ होतो. थंड प्रदेशातील तळी वसंतात आणि शरदात वरखाली घुसळली जातात. वरचे प्राणवायूयुक्त पाणी तळाशी जाते, तळाचे वर येते; तळ्याचा हा जणू श्वासोच्छ्वासच. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर शहराला लागून आयरन्डिक्वॉइट नावाचा उपसागर आहे. शहराच्या रस्त्यांवरील मीठ तेथे उतरून तळाशी जड थर साचला आणि त्याने वसंतातील ही घुसळण पूर्ण होऊ दिली नाही, असे संशोधकांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे त्या भागात मिठाचा वापर कमी करण्यात आला आणि त्यानंतरच्या दशकात पाण्याची घुसळण सुधारत गेल्याचीही नोंद झाली. या उदाहरणातला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. हात आवरला तर पाणी सावरते.

तळ्यातील जीवसृष्टीचा पाया असतो तो डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या डाफ्नियासारख्या जीवांचा. ते शेवाळ खातात आणि लहान मासे त्यांच्यावर जगतात. क्षार वाढले की हे जीव आधी मरतात. मग शेवाळ माजते, पाणी गढूळ होते आणि मासळीचेही अन्न तुटते. कॅनडा, अमेरिका, स्पेन आणि स्वीडन येथे एकत्रित झालेल्या प्रयोगांचा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी मर्यादेइतके किंवा त्याहूनही कमी क्लोराइड असताना जवळजवळ तीन चतुर्थांश ठिकाणी असे सूक्ष्म प्राणी निम्म्याहून अधिक घटले होते. कायद्याने निर्धोक ठरवलेले पाणीही त्यांच्यासाठी निर्धोक नव्हते.

पाण्याबाहेरची यादीही लहान नाही. सोडियम मातीचे कण विस्कटून टाकतो, तिच्यात पाणी मुरेनासे होते. आपल्याकडे कालव्याच्या अतिपाण्याने होणाऱ्या चोपण जमिनीमागेही हाच सोडियम असतो. रस्त्याकडेच्या पाइन वृक्षांची सुईसारखी पाने वाहनांनी उडवलेल्या खाऱ्या तुषारांनी तपकिरी पडतात. बियाणे वा वाळूचे कण समजून मिठाचे खडे टिपणारे पक्षी दगावतात. खाऱ्या डबक्यांच्या ओढीने रस्त्यावर येणारे मूस जातीचे महाकाय हरीण वाहनाखाली सापडते आणि अनेकदा वाहनचालकालाही सोबत नेते. पुलांच्या पोटातील लोखंड आणि मोटारींचे सांगाडे गंजतात तो घसारा वेगळाच. कॅनडा सरकारने पाच वर्षांच्या तपासणीनंतर २००१ मध्ये जाहीर केले, की रस्त्यांवरील मीठ पर्यावरणास अपायकारक प्रमाणात मिसळत आहे. २००४ मध्ये तेथे मिठाच्या वापराची आचारसंहिता आली.

माणूसही यातून सुटलेला नाही. न्यूयॉर्कच्या ॲडिरॉन्डॅक डोंगराळ भागात राज्यमार्गांच्या उतारावरील अनेक खासगी विहिरींचे पाणी खारट झाले. रक्तदाबाचा रुग्ण जेवणातील मीठ मोजून खातो आणि नळातून मात्र न मोजलेले सोडियम पितो. शिवाय क्लोराइडयुक्त पाणी नळांच्या धातूला खाते. मिशिगनमधील फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलून फ्लिंट नदीचे पाणी घेतले. त्या पाण्यात क्लोराइड अधिक होते. काही रस्त्यांवरचे, काही शुद्धीकरणाच्या रसायनांतून आलेले. गंजरोधक द्रव्य मात्र मिसळले गेले नाही आणि जुन्या नळांतील शिसे लोकांच्या घरांत उतरले. दोष मुख्यतः प्रशासनाचा होता. तरीही एक तपशील विसरण्यासारखा नाही : ऑक्टोबर २०१४ मध्येच जनरल मोटर्सच्या तेथील इंजिन कारखान्याने यंत्रभाग गंजतात म्हणून ते पाणी घेणे थांबवले होते. लोखंडाला न मानवणारे पाणी मुले त्यानंतर वर्षभर पीत होती.

जैन विचाराला या साऱ्यात नवे काय आहे ? षट्काय जीवांच्या विवेचनात खाणीतील मीठ हे पृथ्वीकायात गणले आहे आणि हिम, गारा, दव हे अप्कायात. घरातील वडीलधारी मंडळी सचित्त मिठाचा विचार करीत, पाणी गाळून जिवाणी पुन्हा मूळ जलाशयात सोडत. पाण्यातील जीव ज्या पाण्याचा, त्याच पाण्यात तो परत गेला पाहिजे. वेगळ्या पाण्यात तो तगणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. क्लोराइड मोजण्याचे यंत्र त्यांच्यापाशी नव्हते, पण पाण्याची प्रकृती बदलली की जीव मरतो हे ज्ञान त्यांच्या आचारात होते.

तथापि धर्माचा आधार घेऊन मीठ टाकूच नये असे म्हणणे सोपे आणि चुकीचे ठरेल. गृहस्थाच्या आचारधर्माने येथे एक सूक्ष्म रेघ आखून दिली आहे. प्रयोजनासाठी अपरिहार्यपणे होणारी हिंसा वेगळी आणि निष्प्रयोजन हिंसा वेगळी. म्हणूनच श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंड-विरमण हे व्रत आहे. विनाकारण जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वनस्पती तोडणे यांना आचार्यांनी प्रमादचर्या म्हटले. बर्फाळ चढावर रुग्णवाहिका घसरू नये म्हणून पडलेले मीठ प्रयोजनाचे आहे. उणे पंधरा अंशांच्या थंडीत, जेथे ते काम करणारच नाही तेथे ओतलेले मीठ, किंवा कोरड्या फरशीवर पांढरा थर दिसेपर्यंत पसरलेले मीठ, हे शुद्ध अनर्थदंडाचे उदाहरण होय.

आणि दुर्दैवाने हा अनर्थ व्यापाऱ्याच्या दारातच अधिक घडतो. न्यू हॅम्पशायरमध्ये एका महामार्गाच्या रुंदीकरणाच्या वेळी आसपासच्या ओढ्यांतील क्लोराइडचा उगम शोधला, तेव्हा सरकारी रस्त्यांबरोबरच खासगी वाहनतळांचा वाटा फार मोठा निघाला. त्याचे कारण बर्फापेक्षा भय हे होते. गिऱ्हाईक घसरून पडले तर ते दावा लावील, या धास्तीने दुकानदार ठेकेदाराला सांगतो, भरपूर टाक. ठेकेदाराला पैसे पुष्कळदा मिठाच्या वजनावर मिळतात, म्हणून तोही हात आखडत नाही. दोघांच्याही वहीत व्यवहार चोख, तोटा ओढ्याचा. त्या राज्याने २०१३ मध्ये यावर एक व्यवहारी तोड काढली. मीठ टाकणाऱ्या व्यावसायिकांनी प्रशिक्षण घ्यावे, परवाना घ्यावा, वापराची नोंद ठेवावी. असे करणाऱ्यांना आणि त्यांना काम देणाऱ्या मालकांना बर्फावरून घसरण्याच्या दाव्यांत कायद्याने काही संरक्षण मिळेल. भयाचे ओझे हलके केले की हातही हलका होतो, हे मर्म त्या कायद्याने ओळखले.

सरकारी पातळीवरही उपाय आहेत आणि ते खर्चाचे कमी, शिस्तीचे अधिक आहेत. हिमवर्षावाच्या आधीच रस्त्यावर २३ टक्क्यांचे खारे पाणी फवारले तर बर्फ रस्त्याला चिकटत नाही. कोरडे खडे मात्र उडून गटारात जातात. पसरणीचे यंत्र नीट जुळवणे, हवेऐवजी रस्त्याचे तापमान मोजणे, रस्त्याच्या उंचसखलाप्रमाणे वाकणारी पाती वापरणे, मिठाचे ढीग छपराखाली ठेवणे, या साध्या गोष्टी. न्यूयॉर्कमधील जॉर्ज सरोवराच्या काठच्या काही गावांनी अशा मार्गाने वापर घटवला. ॲडिरॉन्डॅकसाठी २०२० मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला. मिनेसोटा विद्यापीठाने आपल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले आणि मिठाचा वापर एक तृतीयांशाहून अधिक कमी केला. प्रशिक्षणाचा खर्च बचतीतून सहज निघाला. पर्यायी द्रव्यांविषयी मात्र सावध असावे. वाळू ओढ्यांच्या तळाशी साचते. बिटाचा रस मिठाला मदत करतो, पण पाण्यात गेल्यावर कुजताना प्राणवायू खातो. नावेशिवाय जमा येथेही नाही.

परदेशी असलेल्या आपल्या मुलांना मग काय सांगावे ? प्रथम फावडे, मग मीठ. बर्फ लवकर आणि वेळोवेळी काढला तर मिठाची गरज बरीच सरते. वीस फुटांच्या गाडीरस्त्याला किंवा पदपथाच्या दहा फरशांना कॉफीचा एक मग मीठ पुरते. खड्यांमध्ये अंतर दिसले पाहिजे. उणे ९ अंशांच्या खाली साधे मीठ टाकू नये, पाय घसरू नये एवढ्यापुरती वाळू टाकावी. बर्फ वितळून फरशी कोरडी झाली की उरलेले खडे झाडून पुढच्या वेळेसाठी डब्यात भरावेत. दुकान, मोटेल वा गोदाम असेल तर ठेकेदाराला वजनावर नव्हे, कामावर पैसे द्यावेत आणि किती मीठ पडले त्याचा हिशेब मागावा. शिकागोजवळच्या बार्टलेट येथील जिनालयाची प्रतिष्ठा १९९३ मध्ये झाली. तेव्हापासून त्या खंडात जागोजागी मंदिरे उभी राहिली. मंदिर असो वा दुकान, पुढे मोटारींचे पटांगण असतेच, आणि त्या पटांगणाचे पाणी कोणत्या तरी ओढ्याला जाते. संघाच्या हिवाळ्यापूर्वीच्या बैठकीत या विषयाला पाच मिनिटे द्यावीत.

आपल्या परंपरेत साधू-साध्वी पावसाळ्याचे चार महिने विहार थांबवतात, कारण त्या काळात वाटेवर जीवांची दाटी असते. ऋतूपुढे पाऊल आवरणे हा तेथे नियम आहे. गृहस्थाला प्रवास थांबवता येत नाही, दुकान मिटून बसता येत नाही. हे शास्त्रकारांनाही मान्य होते. पण हिमवादळाच्या रात्री एक फेरी टाळणे, गाडी थोडी हळू हाकणे, काळ्या कोरड्या रस्त्याचा हट्ट एक दिवस सोडणे, एवढी जयणा त्याला जमण्यासारखी आहे. आपण वाट पाहिली तेवढे मीठ कमी पडते. ते ज्याच्या खात्यावर वाचले, ते तळे आपल्याला कधी भेटणार नाही, आभारही मानणार नाही. व्रताचे पालन मात्र अशाच ठिकाणी कसाला लागते.